गच्चीवरच्या कुरडया आणि माझे निळे कागद

एप्रिल लागला की आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नसते. एका बाजूला तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या कुरडया, दुसरीकडे कुणाचा तरी बटाट्याचा कीस, मधे जुन्या साड्या अंथरून साबुदाण्याच्या पापड्या, आणि पाण्याच्या टाकीशेजारच्या कोपऱ्यात मी. समोर पाट, पाटावर फोटोफ्रेमची काच, काचेखाली शेपूची एक काडी आणि त्याखाली हिरवट पिवळा कागद, हातात मोबाइलचा टायमर. काकूंनी दोन दिवस नुसतं बघितलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलंच, "काय गं, शेपू असा एकेक काडी वाळवतात का?"

म्हटलं फोटो काढतेय. कॅमेरा कुठाय? कॅमेरा नाहीये. मग कशाने काढतेस? उन्हाने. काकूंनी माझ्याकडे असं काही बघितलं की उन्हाचा परिणाम नक्की कुणावर झालाय ते त्यांना कळलं असावं. मग मी तिथेच बादलीत कागद बुडवला, पिवळं पाणी निघून गेलं आणि गडद निळ्यावर शेपूची पांढरी काडी, तिच्या प्रत्येक केसासकट, हळूहळू वर आली. काकू म्हणाल्या, "अगंबाई." त्यानंतर कुरडयांच्या साड्या एक फूट अलीकडे सरकल्या आणि मला माझा कोपरा कायमचा मिळाला.

तर याला सायनोटाइप म्हणतात. मी दोन वर्षं हा उद्योग करतेय, आणि फोटो टाकले की प्रत्येक वेळी दोनच प्रश्न येतात, एक म्हणजे कसं करतेस आणि दुसरा म्हणजे अगं पण सायनाइड असतं ना त्यात, घरात आणलंस कसं. म्हणून एकदाच काय ते नीट लिहून ठेवतेय, म्हणजे लिंक पाठवली की झालं.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण तोच महत्त्वाचा. लागतात दोन केमिकल. एक फेरिक अमोनियम सायट्रेट, हिरवट पावडर, आणि दुसरं पोटॅशियम फेरिसायनाइड, लालभडक खडे, दिसायला इतके सुंदर की लहान मुलाला हमखास खडीसाखरेचा भाऊ वाटेल (हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे). पहिलं लोखंडाचं मीठ आहे, रक्तवाढीच्या काही टॉनिकमध्येसुद्धा तेच असतं, म्हणून काही दुकानातून आणलेली लॅबची पावडर प्यायची नसते, पण कल्पना यावी म्हणून सांगितलं. दुसऱ्याच्या नावात सायनाइड आहे आणि लोक तिथेच थांबतात. ते सायनाइड लोखंडाला इतकं घट्ट धरून बसलेलं असतं की साध्या पाण्यात, साध्या तापमानाला ते आपोआप सुटत नाही, त्यामुळे हे केमिकल म्हणजे सिनेमातली ती चाटली की मेला वाली पावडर नाही. याचंच सख्खं भावंड, पोटॅशियम फेरोसायनाइड, मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून अगदी नखभर घालायला परवानगी आहे.

आणि गंमत म्हणजे नावाचा प्रवास उलटा झालेला आहे. लोकांना वाटतं सायनाइडवरून सायनोटाइप. खरं तर ग्रीकमध्ये गडद निळ्याला जो शब्द आहे त्यावरून दोन्ही आले. १७०० च्या पहिल्या दशकात बर्लिनमध्ये प्रशियन ब्लू नावाचा रंग अपघाताने सापडला, पुढे १७८२ मध्ये शेले नावाच्या केमिस्टने त्याच निळ्या रंगापासून सायनाइडचं ते जहाल अॅसिड काढलं, आणि म्हणून त्या विषाला निळ्याचं नाव चिकटलं. म्हणजे आधी रंग, मग विष. आणि हाच प्रशियन ब्लू आज थॅलियमची किंवा किरणोत्सारी सीझियमची बाधा झालेल्या माणसाला औषध म्हणून कॅप्सूलमधून देतात. माझ्या कागदावर शेवटी जो निळा उरतो तो हाच.

पण. शेले साहेबांनी ते अॅसिड त्या निळ्यातून काढलं, याचा अर्थ ते निघतं. तीव्र अॅसिड आणि उष्णता मिळाली तर फेरिसायनाइडमधून हायड्रोजन सायनाइडचा वायू सुटू शकतो, आणि तो मात्र खरोखरचा सिनेमातला आहे. आता तुम्ही म्हणाल की घरात कुठे आलंय तीव्र अॅसिड. थांबा, सांगते.

पहिल्या महिन्यातली गोष्ट आहे. मी बाथरूममध्ये प्रिंट धुवायचे, तिथेच टबात पहिल्या धुण्याचं पिवळं पाणी तसंच ठेवून मी प्रिंट वाळत घालायला गच्चीवर गेले. बाथरूमच्या पांढऱ्या टाइल्सवर निळे शिंतोडे उडालेले, ते मला दिसलेच नव्हते, पण आईला दिसले. आणि आईच्या हिशोबात बाथरूमच्या कुठल्याही डागावर एकच औषध, कोपऱ्यातली अॅसिडची बाटली, तीच ती संडास धुवायची, हायड्रोक्लोरिक अॅसिडवाली. मी खाली आले तेव्हा आई उकिडवी बसलेली, बाटलीचं बूच उघडलेलं, आणि टब तिच्या पायाशी. मी जी ओरडले ती खालच्या मजल्यावर ऐकू गेली असेल. आई दचकली, बाटली तिने खाली ठेवली आणि मग माझ्यावर जी चिडली ती चिडलीच. "विष घरात आणायचं तर आधी सांगायचं ना!"

तिचं शंभर टक्के बरोबर होतं. आता हिशोबाने बघितलं तर टबात अगदी पातळ पाणी होतं, थंड होतं, चार थेंब अॅसिड पडलं असतं तर बहुतेक काही झालंही नसतं. पण बहुतेक या शब्दावर आपल्या आईला बाथरूममध्ये दार लावून बसवायचं नसतं. त्या दिवशी मला कळलं की मी माझ्या दोन बाटल्यांची काळजी घेत होते, हातमोजे, मास्क, सगळं, आणि तिसरी बाटली, जी माझी नव्हतीच, जी घरात माझ्या आधीपासून होती, तिचा विचारच केला नव्हता.

तेव्हापासून माझं धुणं बाथरूममधून हललं. गच्चीवरच्या नळाला होतं. ज्या मोरीत अॅसिड किंवा ब्लीच वापरलं जातं तिथे हे पाणी ओतायचं नाही, ओतावंच लागलं तर आधी दोन बादल्या पाणी सोडायचं. हे मी आईला, घरी कामाला येणाऱ्या मावशींना आणि स्वतःला तीन वेळा सांगितलं. टबावर मार्करने मोठ्ठं लिहिलंय, "यात काहीही ओतू नये". आणि हो, गॅसवर, मायक्रोवेव्हमध्ये, उकळत्या पाण्यात हे केमिकल कधीच नाही. इंटरनेटवर कुणीतरी लवकर विरघळावं म्हणून गरम करताना दिसेल, त्याच्या नादी लागू नका, पाच मिनिटं ढवळलं की गार पाण्यात विरघळतं.

टाइल्सचे डाग कसे गेले ते पण सांगते कारण त्यात या रंगाचा सगळा स्वभाव कळतो. प्रशियन ब्लू सौम्य अॅसिडला दाद देत नाही, पण अल्कली त्याला आवडत नाही. धुण्याचा सोडा, तोच दहा-वीस रुपयांचा पुडा, पाण्यात कालवून लावला आणि दोन मिनिटांत निळ्याचं पिवळट झालं. ते धुऊन टाकलं, मागे गंजासारखा पुसट डाग राहिला, तो लिंबूसत्त्वाने गेला. लिंबूसत्त्व सौम्य अॅसिड आहे, चिमूटभर चालतं. आईची बाटली नाही.

आता बाटल्यांचं. उजेडापासून वाचवायला सोल्यूशन तपकिरी बाटलीत ठेवतात, आणि घरात तपकिरी बाटली म्हटलं की कुठली असते? खोकल्याच्या औषधाची. मी दोन धुऊन, लेबलं काढून, ओळीने मांडूनही ठेवल्या होत्या. बाबांनी त्या बघितल्या, काही न बोलता उचलल्या आणि कचऱ्यात टाकल्या. "रात्री अडीचला मला खोकला आला तर मी दिवा लावून वास घेत बसणारे का?" खाण्यापिण्याच्या किंवा औषधाच्या बाटलीत केमिकल भरायचं नाही, लेबल लावलं तरी नाही, हा आमच्या घरातला आता कायदा आहे. केमिकल विकणाऱ्याकडेच रिकाम्या तपकिरी बाटल्या मिळतात, स्वस्त असतात, त्यावर नाव, तारीख, आणि माझ्या कुलूपबंद डब्यात. तो लाल खडीसाखरेचा भाऊ आठवतोय ना? माझी भाची चार वर्षांची आहे, म्हणून कुलूप.

तर बाबा. बाबांची ओळख करून द्यायला हवी कारण या सगळ्यात त्यांचा हात माझ्यापेक्षा जास्त आहे. बाबा ड्राफ्ट्समन होते, १९७८ ला लागले ते रिटायर होईपर्यंत टेबलावर वाकून रेघा मारल्या. मी पहिल्यांदा त्यांना सांगितलं की अमुक केमिकल कागदाला लावायचं, वर चित्र ठेवायचं, उन्हात ठेवायचं, पाण्यात धुवायचं, तर म्हणाले, "म्हणजे ब्लू प्रिंट की." मी म्हटलं, तुम्ही काढायचात? तर म्हणे नाही, आमच्या वेळी अमोनिया प्रिंट आली होती, पांढरट कागदावर निळसर जांभळ्या रेघा, आणि त्या मशिनच्या खोलीत शिरलं की डोळ्यातून पाणी. खरी ब्लू प्रिंट म्हणजे निळ्या कागदावर पांढऱ्या रेघा, ती आमच्या साहेबांच्या साहेबांच्या काळातली, रेकॉर्ड रूममध्ये गठ्ठे होते, वाळवीने खाल्लेले.

आणि बरोबरच आहे ते. ही पद्धत शोधली १८४२ मध्ये जॉन हर्शेलने, तो मुळात खगोलशास्त्रज्ञ, आणि त्याला फोटोबिटोपेक्षा स्वतःच्या नोंदींच्या कॉप्या काढायला काहीतरी हवं होतं. म्हणजे मुळातच ही झेरॉक्स होती. दुसऱ्याच वर्षी, १८४३ मध्ये, अॅना अॅटकिन्स नावाच्या बाईने समुद्री शेवाळं थेट या कागदावर ठेवून त्यांचं आख्खं पुस्तक करायला घेतलं, फोटो असलेलं पहिलं पुस्तक म्हणून ते ओळखलं जातं, आणि ते काम १८५३ पर्यंत चाललं. तिने त्यातला मजकूरसुद्धा हाताने लिहून याच पद्धतीने छापला होता. दहा वर्षं! इंग्लंडच्या उन्हात! मला आपल्या एप्रिलमध्ये सात मिनिटं थांबायचा कंटाळा येतो. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंजिनिअर लोकांनी ही पद्धत उचलली आणि जगभरच्या पुलांचे, जहाजांचे, इमारतींचे नकाशे निळे झाले.

आता कृती, कारण खरं तर सगळे त्यासाठीच आलेत. सायट्रेट २५ ग्रॅम, १०० मिली पाण्यात. फेरिसायनाइड १० ग्रॅम, दुसऱ्या १०० मिली पाण्यात. दोन वेगळ्या बाटल्या. सायट्रेट हिरवं बघून घ्या, तपकिरीही मिळतं, ते नको. पाणी डिस्टिल्ड, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते चालतं. वजनाला सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा, ऑनलाइन मिळतो. पावडर तोलताना पंखा बंद, मास्क आणि हातमोजे घालून, खाली वर्तमानपत्र, आणि ते वर्तमानपत्र नंतर गुंडाळून फेकायचं कारण सांडलेला एक कण उद्या ओल्या हाताला लागला की कुठे कुठे निळं उगवेल सांगता येत नाही, माझ्या एका पांढऱ्या कुर्त्यावर अजून एक ठिपका आहे. चमचा, वाटी, ढवळायची काडी हे सगळं वेगळं घ्यायचं, प्लास्टिकचं किंवा काचेचं, आणि ते परत कधीच किचनमध्ये जात नाही. स्टीलची वाटी तर नकोच, लोखंडाशी याचं आधीच सूत असल्याने धातूला लागलं की भलतीकडेच निळं पडतं, ब्रशसुद्धा पत्र्याची पट्टी नसलेला घ्या, मी सरळ स्पंजचा घेते.

वेगवेगळ्या बाटल्यांत ही सोल्यूशन्स महिनोन्‌महिने टिकतात, फक्त सायट्रेटवर पावसाळ्यात बुरशीची साय धरते, घाबरायचं नाही, गाळून घ्यायचं. लागेल तेवढंच ऐन वेळी सम प्रमाणात एकत्र करायचं. ए-४ कागदाला सगळं मिळून अडीच-तीन मिली पुरतं, मेडिकलमधून बिनसुईची सिरिंज आणा, मोजायला तिच्यासारखं काही नाही. एकत्र केलेलं मात्र काही तासांतच वापरून टाकायचं. हे सगळं झिरोच्या पिवळ्या बल्बखाली, पडदे लावून. फोटोच्या डार्करूमसारखा मिट्ट काळोख लागत नाही, ऊन आलं नाही म्हणजे झालं. एकदा आडवा हात, एकदा उभा, ओघळ नको, आणि मग अंधाऱ्या कपाटात रात्रभर वाळू द्यायचं. घाई असेल तर हेअर ड्रायर, पण गार हवेवर.

कागद. यात मी सगळ्यात जास्त पैसे घालवले. साधा प्रिंटरचा कागद पाण्यात लोळागोळा होतो. जाड, कॉटनचा, पाणी सोसणारा हवा, वॉटरकलरचा चालतो, पण बरेच चांगले कागद टिकाऊ व्हावेत म्हणून त्यात खडूसारखं अल्कली घातलेलं असतं आणि अल्कली म्हणजे आपल्या निळ्याचा शत्रू हे वर टाइल्सवर कळलंच. महागडा कागद आणला आणि प्रिंट आजारी दिसली तर दोष तुमचा नाही, त्या खडूचा. पुण्यातल्या लोकांनी शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत एक चक्कर मारावी, कॉटनच्या चिंध्यांपासून केलेला कागद हाताळायला मिळतो आणि हात लावून घेतलेला कागद स्क्रीनवर बघून घेतलेल्यापेक्षा कधीही बरा.

मग ऊन. उन्हातल्या अल्ट्राव्हायोलेटने सायट्रेटमधलं लोखंड बदलतं, ते बदललेलं लोखंड फेरिसायनाइडशी जुळतं आणि निळा तयार होतो जो पाण्यात विरघळत नाही. पानाखाली ऊन पोचलं नाही, तिथलं केमिकल पाण्यात निघून जातं, कागद पांढरा. बस्स, एवढंच शास्त्र. पण किती वेळ? मला एप्रिलमध्ये साडेअकराला पानाफुलांसाठी पाच-सात मिनिटं लागतात, डिसेंबरमध्ये बारा-पंधरा, आणि जूनच्या ढगाळ दिवशी अर्धा तास ठेवून पण मिळमिळीतच. तुमच्या गच्चीचं तुम्हीच शोधा, एका पट्टीवर पुठ्ठा दोन दोन मिनिटांनी सरकवत न्यायचा. एक खूण सांगते, कागद हिरव्याचा निळा होतो तेव्हा सगळे घाई करून उचलतात, मी पण उचलायचे आणि पाण्यात बुडवलं की सगळंच वाहून जायचं. थांबायचं. निळ्यानंतर तो राखाडी, जुन्या तांब्याच्या भांड्यासारखा कळकट होतो, एकदम बिघडला असं वाटतं. तेव्हा उचलायचा.

पानं चपटी हवीत. मी जुन्या दिवाळी अंकात दाबून ठेवते, ते चांगले जाडजूड असतात. ओलं पान ठेवलं तर त्याचा रस सुटतो आणि डाग पडतो. शेपू, गाजराचा पाला, शेवगा, बडीशेपेचं फूल, हे सगळे हिरो. कढीपत्ता नुसता ठोकळा येतो. पावसाळ्यात ताम्हिणीकडे गेलं की रस्त्याच्या कडेला नेचे असतात, एखादं पान आणलं तरी वर्षभर पुरतं. आणि मेच्या मध्यावर पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो ना, दुपारी बाराच्या पुढे सूर्य बरोब्बर डोक्यावर, त्या दिवशी मी ऑफिसला हाफ डे टाकला होता. जमिनीवर सपाट ठेवलेल्या फ्रेमवर ऊन सरळ काटकोनात पडतं, काचेला नीट न चिकटलेल्या पानाचीसुद्धा कड सुरीसारखी येते. इतर दिवशी फ्रेम सूर्याकडे कलती करावी लागते.

फोटो करायचा असेल तर त्याची निगेटिव्ह कागदाच्याच साइझची लागते. झेरॉक्सवाल्याकडून ट्रान्स्परन्सीवर उलटा फोटो, म्हणजे काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं केलेला, काढून घ्या, एक शीट फिकी पडते म्हणून दोन एकावर एक. नाहीतर गरिबाचा उपाय, साध्या कागदावर प्रिंट काढून त्याला मागून खोबरेल तेल चोळायचं, कागद पारदर्शक होतो. जास्तीचं तेल टिपून घ्या, नाहीतर खालच्या कागदावर उतरतं आणि आजीच्या फोटोवर तेलाचा डाग पडतो. खरंच पडला होता.

धुणं साध्या पाण्यात, पाणी पिवळं यायचं थांबेपर्यंत. आमच्याकडे टँकरचं पाणी येतं, जड, त्यात माझा निळा दर वेळी उतरायचा, मग पहिल्या पाण्यात चिमूटभर लिंबूसत्त्व घालायला लागले आणि सुटले. वाळल्यावर एक दिवसात निळा आपोआप गडद होतो. धीर नसेल तर मेडिकलमध्ये मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड एक बूचभर लिटरभर पाण्यात घालून त्यात बुडवा, क्षणात शाईसारखा गडद. पाहुण्यांसमोर करायला हे बेस्ट आहे. कोरा, कडक चहा घेऊनही रंग बदलता येतो, आधी धुण्याच्या सोड्याने थोडा उतरवायचा, धुवायचा, मग चहात ठेवायचा, काळसर होतो. दुधाचा चहा चालत नाही, बाबांनी विचारून झालंय.

उरलेलं एकत्र सोल्यूशन ओतून देऊ नका, रद्दी कागदाला फासून उन्हात ठेवा, त्याचा न विरघळणारा निळा झाला की कटकट गेली. धुण्याचं पातळ पाणी भरपूर पाण्याबरोबर ड्रेनेजला. पण कुंडीत नाही, नाल्यात नाही, विहिरीजवळ तर नाहीच. फेरिसायनाइड पाण्यात असताना त्यावर ऊन पडलं की हळूहळू त्यातलं सायनाइड मोकळं होतं, आणि मासे आपल्यापेक्षा फार कमी डोसला मरतात. ज्या उन्हावर आपलं सगळं चाललंय तेच. आणि गच्चीवर दुसऱ्यांचं वाळवण असतं हे विसरायचं नाही, म्हणून मी केमिकल लावलेले कागद घरातूनच वाळवून, फ्रेममध्ये बंद करून वर नेते, बाटल्या गच्चीवर कधीच जात नाहीत, आणि धुवायला बसते ती वाऱ्याची दिशा बघून. काकूंच्या कुरडया मी खाते सुद्धा, त्यामुळे स्वार्थ आहेच.

गेल्या महिन्यात बाबा माळ्यावरून एक पत्र्याची नळी घेऊन आले. आत ट्रेसिंग पेपरची गुंडाळी, पिवळी पडलेली, कडा फाटलेल्या. गावाकडच्या आमच्या घराचा प्लॅन, त्यांनीच काढलेला, काळ्या शाईत, रविवारी घरी बसून. "हे जमतंय का बघ तुझ्या पाण्यात." जमतंय काय, हे तर मुळात याच्यासाठीच होतं. ट्रेसिंग पेपर आरपार, शाई अपारदर्शक, निगेटिव्हबिगेटिव्हची भानगडच नाही. दोन कागद जोडून त्यांना केमिकल लावलं, बाबा स्वतः गच्चीवर आले, चपला घालून, टोपी घालून, आणि नऊ मिनिटं फ्रेमच्या शेजारी उभे राहिले जणू फ्रेम पळून जाणार होती.

टबात बुडवलं. पिवळं गेलं, आणि निळ्यावर एकेक करत पांढरी रेघ. ओटी, माजघर, देवघर, विहिरीकडचा दरवाजा, जिन्याच्या पायऱ्या मोजून अकरा. बाबा ओणवे होऊन बघत होते, पाण्यात बोट घालून रेघेवरून फिरवत होते, मी म्हटलं बाबा हातमोजे, तर ऐकूच आलं नाही त्यांना. (नंतर साबणाने धुवायला लावले.)

दुसऱ्या दिवशी प्रिंट वाळल्यावर त्यांनी त्यांची जुनी स्केल काढली आणि माजघराच्या भिंतीवर लावली. मग चष्मा काढून पुसला आणि परत लावली.

"कमी भरतंय."

"काय?"

"बारा फूट लिहिलंय आणि स्केलवर पावणेबारा पण नाही भरत. कागद भिजून वाळला की आटतो." मग खाली उजव्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथे त्यांच्या त्या सरळसोट अक्षरात दोन बारीक ओळी होत्या, निळ्यात पांढऱ्या, मी धुताना बघितल्याही नव्हत्या. लिहिलेली मापंच धरावीत. नकाशावर मोजू नये.

"हे आम्ही प्रत्येक ड्रॉइंगवर लिहायचो. का लिहायचं कुणी सांगितलं नव्हतं."